अंगात मुरणारा ताप आणि घरच्या माणसाची साथ

आपल्या जिल्ह्यात दूध हा आता नुसता जोडधंदा राहिलेला नाही. संगमनेर, अकोले, राहाता, कोपरगाव या तालुक्यांत कितीतरी घरांची चूल दुधाच्या पगारावर पेटते. पारनेर, कर्जत, जामखेडकडे शेळ्या-मेंढ्यांचा आधार आहे. संगमनेरी शेळीने तर तालुक्याचे नाव देशभर नेले. गोठा झाडणे, धार काढणे, वासरू पाजणे, व्यालेल्या गाईची वार उचलणे ही कामे बहुतेक घरांत बायकांच्याच वाट्याला येतात. म्हणून गोठ्यातून माणसाला होणाऱ्या एका तापाची माहिती प्रत्येक दूधवाल्या घरात असायला हवी. या आजाराचे नाव आहे ब्रुसेलोसिस. जुन्या पुस्तकांत त्याला माल्टा ताप म्हणत.

नाव कसे पडले?

माल्टा हे भूमध्य समुद्रातले बेट. तेथे इंग्रजांच्या फौजेतील शिपाई महिनोन् महिने तापाने अंथरुणाला खिळत. डेव्हिड ब्रुस या लष्करी डॉक्टरांनी १८८७ साली या तापाचे जंतू शोधले, म्हणून जंतूंना त्यांचे नाव मिळाले. पण जंतू येतात कोठून हे कोडे पुढे बरीच वर्षे सुटले नाही. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट या माल्टाच्याच डॉक्टरांनी शेळ्यांचे रक्त तपासले आणि उत्तर सापडले. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या, पण त्यांच्या दुधातून जंतू जात होते. १९०६ मध्ये फौजेला ते दूध देणे बंद झाले आणि शिपायांतील ताप झपाट्याने खाली आला. जनावर धडधाकट दिसते म्हणून त्याचे कच्चे दूध निर्धोक ठरत नाही, हा धडा तेव्हाचा आहे.

माणसाला होतो कसा?

गाई-म्हशींमध्ये या जंतूंमुळे जनावर गाभडते, बहुधा पाचव्या महिन्यानंतर. गाभडलेले वासरू, वार आणि त्या वेळचे पाणी यांत जंतूंचा सुळसुळाट असतो. उघड्या हाताने वार ओढली आणि हाताला बारीकशी चीर असली, तरी तेवढी वाट जंतूंना पुरते. डोळ्यांत शिंतोडा उडाला किंवा गोठ्यातली धूळ श्वासाबरोबर आत गेली, तरीही लागण होते. दुसरी वाट कच्च्या दुधाची. तालमीतल्या पोरांना धारोष्ण दूध पाजण्याची आपल्याकडे हौस फार. ते दूध आधी उकळले तर पोराची ताकद काही कमी होत नाही.

लक्षणे फसवी असतात. लागण झाल्यावर बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, बारीक ताप सुरू होतो. सकाळी माणूस बरा असतो, दिवेलागणीला अंग तापते, रात्री घामाने कपडे भिजतात. कंबर, गुडघे, खुबे दुखतात. भूक मरते, वजन उतरते, हातपाय गळून जातात. पुरुषांत कधी वृषणाला सूज येते. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते असे आपण म्हणतो. हे दुखणे मात्र येतानाही मुंगीच्याच पावलाने येते. त्यामुळे टायफॉईड, मलेरिया, क्षय, संधिवात अशा एकेका नावाखाली औषधे होत राहतात, चार दिवस बरे वाटते आणि ताप पुन्हा उलटतो.

वहीचे मागचे पान

माझ्या दवाखान्यात आलेल्या एका जोडप्याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. बाई अडतीस-चाळिशीच्या, घरी सात-आठ गाई. तीन महिने ताप येत-जात होता. रक्ताचे चार-पाच कागद, क्ष-किरणाचे फोटो, सगळे पिशवीत होते. घरात कुजबुज सुरू झालेली. दिवसा हिंडते-फिरते आणि कामाच्या वेळी झोपते, म्हणजे हा कामाचा कंटाळा असे काहींचे मत. कोणी बाहेरचे बघायला सांगितलेले. बाई माझ्यासमोर बसून फक्त एवढेच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मला खरंच उठवत नाही हो. पण सांगू कुणाला?"

त्यांच्या यजमानांनी खिशातून डेअरीची वही काढली. पुढच्या पानांवर लिटर आणि फॅट, मागच्या पानावर बायकोचा ताप. तारीख, वेळ, किती डिग्री, घाम आला की नाही, कोणता सांधा दुखला. तीन आठवड्यांची नोंद होती. ती वाचताना तापाचा चढउतार स्पष्ट दिसत होता. मी विचारले, "गोठ्यात एखादी गाय गाभडली होती का?" ते म्हणाले, "हो, दिवाळीच्या आधी एक गाभडली. मी गावाला गेलो होतो. हिनंच सगळं आवरलं." त्यानंतर रक्ताची योग्य तपासणी झाली आणि निदान नक्की झाले.

घरच्या माणसाची नोंद किती मोलाची असते याचे जगातले एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावात आणि आसपास अनेक मुलांचे सांधे सुजत होते. पॉली मरी नावाच्या एका आईने आपल्या घरातल्या आणि शेजारपाजारच्या आजाऱ्यांची टिपणे ठेवली आणि १९७५ मध्ये आरोग्य अधिकाऱ्यांना गाठले. त्यातून गोचीड चावल्याने होणारा लाइम आजार जगापुढे आला. तो आजार वेगळा. पण दुखण्याचा माग तेथेही आधी घरच्याच माणसाने काढला होता.

तपासणी आणि औषध

या तापासाठी रक्ताची खास तपासणी असते. ती डॉक्टरांनी सुचवावी लागते, नेहमीच्या तपासण्यांत ती येत नाही. म्हणून घरी गुरे आहेत, जनावर गाभडले होते, कच्चे दूध पिण्यात आले होते, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे. रक्तातील जंतू वाढवून पाहायचे असतील तर प्रयोगशाळेला या आजाराची शंका आधी कळवावी लागते. हे जंतू सावकाश वाढतात आणि तेथे काम करणाऱ्यांनाही त्यांपासून धोका असतो.

उपचारासाठी बहुधा डॉक्सिसायक्लिन आणि त्याच्या जोडीला रिफाम्पिसिन किंवा काही दिवस इंजेक्शने, असे निदान सहा आठवडे औषध घ्यावे लागते. मणक्यात किंवा खुब्यात आजार शिरला असेल तर त्याहूनही जास्त. औषध अर्धवट सोडले की आजार उलटण्याची भीती वाढते. पुरे औषध घेऊनही शंभरातील पाच ते पंधरा जणांना तो पुन्हा गाठतो.

वर सांगितलेल्या बाईंना तिसऱ्या आठवड्यात बरे वाटू लागले आणि घरात लगेच सूर निघाला, "आता कशाला खर्च? गोळ्या उष्ण पडतात." यजमानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बेचाळीस दिवस मांडून ठेवले होते. रोज रात्री ते एक फुली मारत. ते घरच्यांना म्हणाले, "गाईचा डोस आपण चुकवत नाही, मग हिचा का चुकवायचा?" यावर घरात कोणाकडे उत्तर नव्हते.

जोडीदाराने काय करावे?

पहिले म्हणजे, विश्वास ठेवावा. ताप उतरल्यावरही थकवा काही आठवडे, कधी महिने राहतो. मन उदास होते, चिडचिड होते, रडू येते. हा आजाराचाच भाग आहे. "आता तर बरी आहेस" हे वाक्य त्या दिवसांत औषधापेक्षा कडू लागते. उदासी फार वाढली तर तेही डॉक्टरांना सांगावे.

दुसरे, गोळ्यांचा हिशेब स्वतःकडे घ्यावा. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळते. लोहाच्या आणि आम्लपित्ताच्या गोळ्या तिच्याबरोबर घेऊ नयेत. उन्हात अंग भाजल्यासारखे होते, तेव्हा दुपारचे रानातले काम टाळावे. रिफाम्पिसिनने लघवी लालसर होते, त्याने घाबरू नये. डोळे पिवळे दिसले किंवा सारखी उलटी होऊ लागली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तिसरे, नवरा-बायकोने मोकळेपणाने बोलावे. हा आजार माणसाकडून माणसाला क्वचितच होतो. ताट-वाटी वेगळी करू नये, अंथरूण वेगळे करून बाईला वाळीत टाकू नये. रिफाम्पिसिनमुळे कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, म्हणून दुसरे साधन वापरावे. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण औषध बदलावे लागते.

चौथे, गोठ्याचे काम वाटून घ्यावे. त्या यजमानांनी दोन महिने पहाटेची धार स्वतः काढली. सुरुवातीला गाय पान्हा चोरायची, असे ते हसत सांगत.

गोठा सुधारल्याशिवाय घर सुधारत नाही

एकाला आजार झाला की घरातल्या इतरांची, विशेषतः ताप येत असलेल्यांची तपासणी करावी. जनावर गाभडले तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. वार आणि मेलेले वासरू हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून उचलावे आणि चुना टाकून खोल पुरावे. कुत्र्यांपुढे किंवा ओढ्यात टाकू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदा ब्रुसेलाची लस देण्याची तरतूद आहे. ती पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्यावी, कारण लशीतील जंतू जिवंत असतात आणि सुई चुकून माणसाला लागली तर त्यालाही आजार होऊ शकतो. माणसांसाठी मात्र अशी लस वापरात नाही. दूध उतू जाईपर्यंत उकळावे. चिकाचा खरवसही चांगला वाफवूनच खावा.

गाय दोन दिवस वैरण खाईना झाली की आपण डॉक्टरांना फोन करतो. गोठा सांभाळणारी घरची लक्ष्मी दोन आठवडे संध्याकाळी तापत असेल, तर तिच्यासाठीही तेवढीच घाई करावी.