नेमल्या कामाची हद्द

काम आणि कृतार्थता : लेखांक सहावा

ज्या मताने कर्मसंन्यासास मोक्षमार्गात श्रेष्ठ स्थान दिले, त्या मताच्या आचार्यांची समाधी जेथे पिढ्यानपिढ्या पूजली जाते, त्याच गावाच्या चहूबाजूंस, हातावर हात ठेवून बसणे ज्यांस ठाऊकच नाही अशा बागाइतदारांच्या वाड्या पसरलेल्या असाव्यात, हा योग वसई तालुक्यातील निर्मळ येथे जुळून आला आहे. नालासोपाऱ्याकडून समुद्राच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात निर्मळचे विस्तीर्ण तळे लागते. त्याच्या परिसरात शंकराचार्यांचे मंदिर आहे, आणि तेथून जवळच होली क्रॉस चर्चही आहे. कार्तिक वद्य एकादशीस, म्हणजे इकडे वारकऱ्यांची पावले आळंदीकडे वळलेली असतात त्याच तिथीस, निर्मळची यात्रा सुरू होते, आणि पुढे कित्येक दिवस चालणाऱ्या त्या बाजारात हिंदू व ख्रिस्ती, दोन्ही समाजांची माणसे खरेदीस लोटतात. मागील लेखांकाच्या अखेरीस जो प्रश्न आपण अनिर्णित ठेवला होता, की मनाजोगे काम मिळाल्यावाचून जन्माचे सार्थक होणेच नाही काय, त्याचा विचार या गावाच्या आधाराने करणे मला सोयीचे वाटते.

शांकर मतात कर्मास अगदीच थारा नाही असे मात्र नव्हे. चित्तशुद्धीचे साधन म्हणून आचार्यांनी त्याचे महत्त्व मान्य केले. परंतु ज्ञान झाल्यावर कर्माचे प्रयोजन संपले, हा त्यांचा अंतिम निर्णय. लोकमान्य टिळकांनी नेमका त्याच निर्णयावर आक्षेप घेतला. 1908 साली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले, आणि 1910-11 च्या हिवाळ्यात तेथील कोठडीत शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. ग्रंथ प्रसिद्ध व्हावयास 1915 साल उजाडले. ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी आमरण कर्म करीत राहिले पाहिजे, हा त्यातील सिद्धान्त सर्वश्रुत आहे. मला त्याहून लक्षणीय वाटते ते हे की, ज्याचे वृत्तपत्र, ज्याची सभा, ज्याचे राजकारण, सारे सरकारने एका हुकुमासरशी हिरावून घेतले होते, त्या मनुष्याने आता माझे काम उरले नाही असे न म्हणता, तुरुंगाच्या चार भिंतींत जे शक्य होते त्यालाच आपले काम करून टाकले. कर्मयोगाची मीमांसा त्या ग्रंथात जितकी आहे, तितकीच ती त्या ग्रंथाच्या जन्मकथेतही आहे.

आता वाडीत येऊ. वसईची सुकेळी पुष्कळांनी खाल्ली असतील. ती होताना थोड्यांनीच पाहिली असतील. राजेळी जातीच्या केळ्यांचा घड पुरता भरल्यावर उतरवून पेंढ्यात दडपून पिकवतात, मग एकेक केळे सोलून मांडवावर उन्हात वाळत घालतात, दिवसाकाठी ते हाताने उलटतात, आणि संध्याकाळी दव पडण्यापूर्वी सगळा माल गोळा करून झाकून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडव, पुन्हा ऊन. असे आठवडाभर चालते, तेव्हा कोठे त्या फळास मधासारखा रंग चढतो, आणि मग केळीच्याच वाळलेल्या पानात गुंडाळून त्याच्या पुड्या बांधतात. मध्येच आभाळ आले तर सारी मेहनत बुरशीच्या स्वाधीन होते. केळे उलटण्याची वेळ झाली की नाही, हे घड्याळ सांगत नाही. बोटाने दाबून, त्याचा चिकटपणा अजमावून ते ठरवावे लागते, आणि ती बोटे तयार व्हावयास वर्षे जावी लागतात. मोगऱ्याची कळी उमलण्याच्या आत खुडून पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात पोहोचवणारी बाई असो, की पानवेल पांगाऱ्यावर चढवून तिचे एकेक पान देठासह खुडणारा माळी असो, यांपैकी कोणीही हे काम आवडीने निवडलेले नव्हते. काम त्यांच्याकडे वारसाने आले. आवड, जेथे ती आली तेथे, हाताच्या मागून आली.

हे वाचून कोणी म्हणेल, की लेखकाने शहरात बसून वाडीचे गोडवे गाण्याची जुनी खोड सोडलेली नाही. आक्षेप अगदीच निराधार नाही. ज्यांचे वडील वाडी शिंपीत होते अशी कित्येक मुले आज विरार लोकलमध्ये लोंबकळत कचेरी गाठतात, आणि त्यात त्यांची कसूर काहीच नाही; बाजारात फुलांचा दर कोसळला की त्या दिवशीची पहाट फुकट जाते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले असते. कामात समाधान आहे म्हणून मोबदला कमी चालेल, हा युक्तिवाद करणारे धनी सर्व काळी असतात, व त्यांच्यापासून सावध राहिले पाहिजे. दाम वेळेवर आणि पुरता मिळणे, ही कृतार्थतेच्या चर्चेची पहिली अट आहे. ती पुरी झाल्याखेरीज उरलेली चर्चा निव्वळ उपदेश ठरते.

अट पुरी झाल्यावर काय, यासंबंधी अमेरिकेतील एमी रेझनेव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेले संशोधन उद्‌बोधक आहे. आपल्या कामाकडे कोणी केवळ उपजीविका म्हणून पाहतो, कोणी बढतीची शिडी म्हणून, तर कोणी जीवितकार्य म्हणून, असे तीन वर्ग त्यांनी कल्पिले. आणि लोकांना विचारता, ते या तिहींत जवळजवळ सारखेच विभागलेले आढळले. यात नवल एवढेच, की एकाच हुद्द्यावर, एकाच स्वरूपाचे काम करणाऱ्या कार्यालयीन साहाय्यकांतही हीच तिहेरी विभागणी दिसून आली. म्हणजे जीवितकार्य हे वैद्यास व शिक्षकास लाभते आणि कारकुनास लाभत नाही, ही समजूत टिकत नाही. पुढे 2001 साली त्याच विदुषींनी जेन डटन यांच्यासह इस्पितळातील सफाई कामगारांविषयी लिहिले, तेव्हा असे दिसले, की ज्यांना आपले काम मोलाचे वाटत होते ते नेमून दिलेली झाडलोट करून थांबत नव्हते. रुग्णाची चौकशी, वाट चुकलेल्या पाहुण्यास मार्गदर्शन, अशी कोणी न सांगितलेली कामे त्यांनी आपल्या कामाच्या हद्दीत ओढून घेतली होती.

हद्द हा शब्द मी जाणूनबुजून योजीत आहे, कारण निर्मळच्या पंचक्रोशीत आणि एकंदर वसईत ती वाढविण्याची उत्तम उदाहरणे आहेत. धर्मगुरूचे नेमलेले काम म्हणजे उपासना, संस्कार आणि प्रवचन. परंतु 1918 साली फादर पी. जे. मोनिस यांनी आपल्या लोकांची सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून सहकारी पतसंस्था उभारली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक बँक झाली. कर्जाचा हिशेब हा प्रवचनाच्या हद्दीत येतो, असे त्यांस कोणी सनदेत लिहून दिलेले नव्हते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे चरित्र याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. निर्मळपासून जवळच असलेल्या नंदाखाल गावी 1942 साली त्यांचा जन्म झाला, 1972 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि 1983 पासून 2007 पर्यंत ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादकत्व त्यांच्याकडे होते. एका धर्मसमाजाचे मुखपत्र चालविणे, एवढीच ती नेमणूक. दिब्रिटोंनी त्या मासिकाची कवाडे अन्य धर्मीय लेखकांस व वाचकांस उघडली, आणि ते तेथेच थांबले नाहीत. टँकरवाले वसईच्या जमिनीखालचे पाणी उपसून नेत होते, बावखले, म्हणजे वाड्यांतील छोटी तळी, बुजवली जात होती, गोड्या विहिरी मचूळ होऊ लागल्या होत्या, आणि हिरव्या पट्ट्यावर इमारती चढविण्याचे मनसुबे सरकारदरबारी मंजुरीच्या वाटेवर होते. अशा वेळी हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात ते अग्रभागी उभे राहिले. विहिरीचे पाणी हा पाद्र्याचा विषय काय, असे विचारणारे तेव्हाही होते. वाडीवर जगणाऱ्या माणसाचा आत्मा त्याच्या विहिरीपासून निराळा काढून सांभाळता येत नाही, हे त्यांच्या कृतीतून आलेले उत्तर होते. त्या लढ्यापायी त्यांना बलदंडांचे वैर पत्करावे लागले, हेही नमूद केले पाहिजे. हद्द वाढविण्याचा मोबदला नेहमी टाळ्यांच्याच रूपात मिळतो असे नाही.

या धामधुमीत बायबलच्या सुबोध मराठी रूपांतराचे दीर्घ काम त्यांनी तडीस नेले. ‘सुबोध बायबल – नवा करार’ यास 2013 साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, तेव्हा प्रकृती खालावलेली होती. जुलै 2024 मध्ये ते निवर्तले. संपादन, लढा आणि भाषांतर ही तीन कामे त्यांनी धर्मगुरूपण बाजूस सारून केली असे म्हणणे चुकीचे होईल. धर्मगुरूपण त्यांनी इतके विस्तारले की ही तिन्ही कामे त्यात सामावली.

येथे एक शंका शिल्लक राहते, आणि ती मला गंभीर वाटते. धर्मगुरूस आपली हद्द वाढविण्याची मोकळीक असते, वाडीच्या मालकासही ती थोडीफार असते. पण ज्याचे काम कलमाकलमांनी बांधलेले आहे, ज्यास नियमाबाहेर पाऊल टाकले तर खुलासा द्यावा लागतो, त्याने काय करावे? सफाई कामगाराने दोन शब्द प्रेमाने बोलणे निराळे, आणि सरकारी दप्तर सांभाळणाऱ्याने आपल्या मर्जीने वागणे निराळे. तेथे तर हद्द ओलांडणे हाच भ्रष्टाचाराचा आरंभ असू शकतो. तलाठ्याचेच उदाहरण घ्या. वाटणी झाली, खरेदी झाली, वारस लागले, की फेरफाराची नोंद होते, आणि ती प्रमाणित होण्यापूर्वी हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. त्या पंधरा दिवसांत कायद्याची रेघ न ओलांडता तलाठ्याच्या हातून काय काय होऊ शकते, आणि बहुधा काय होत नाही, याचा विचार पुढील लेखांकी करू.