पहाटे तीन ते पाच

टायरमधली हवा नुसत्या डोळ्यांना कळत नाही. जोडटायरमधला आतला बसला तरी बाहेरचा गाडी तोलून धरतो. म्हणून हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घ्यायची आणि एकेका टायरवर मारत गाडीभोवती फेरी घालायची. हवा भरलेल्या टायरवरून टॉमी उसळून परत येते, आवाज टणक येतो. बसलेल्या टायरवर ‘भद्’ होतं आणि टॉमी तिथेच राहते. दहा टायर, दहा ठोके. माझ्या उस्तादांची ही पहिली शिकवण. त्यांच्या गाडीवर दोन वर्षं क्लीनर होतो, तेव्हा दर थांब्यावर हे काम माझं असायचं. आता मी ड्रायव्हर आहे, गाडीवर क्लीनर नाही आणि ठोके मीच मारतो.

माझं गाव पाथर्डी तालुक्यात. आईवडील ऊसतोडीला जायचे. कोयता हातात घ्यायचा नाही म्हणून मी स्टिअरिंग धरलं. हेवीचं लायसन एकदम मिळत नाही. आधी हलक्या गाडीचं वर्षभर जवळ असावं लागतं, मग ट्रेनिंग स्कूलचा दाखला, मग आरटीओची परीक्षा. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये उठली. परीक्षेत गाडी पुढे-मागे नीट घेता येते का, एवढंच बघतात. भरलेली २८ टनांची गाडी घाटातून कशी उतरवायची ते रस्त्यावर शिकावं लागतं. आणि झोपायचं कसं, हे कुणीच शिकवत नाही. या धंद्यात तेच सगळ्यात अवघड आहे.

एकट्याने केलेली पहिली लांबची फेरी सांगतो. चाकणला मोटारीचे सुटे भाग भरले, हरियाणात खाली करायचे होते. नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा सुमारे १४५० किलोमीटरचा पल्ला. मालासोबत ई-वे बिल असतं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ठरते, म्हणजे कागदावर मला आठ दिवस होते. ट्रान्सपोर्टवाल्याने तोंडी तीन दिवस दिले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कारखान्याच्या गेटवर पोहोचलो. तोपर्यंत सगळी मिळून दहा-अकरा तास झोप झाली असेल.

आणि गेटवर ४१ तास उभा राहिलो.

डिसेंबरचे दिवस होते. टोकन हातात दिलं आणि सांगितलं, नंबर आला की बोलावू, गाडी सोडून जाऊ नका. माझ्यापुढे बावीस गाड्या. आत जाऊन संडास वापरू का विचारलं, तर ड्रायव्हरला आत परवानगी नाही म्हणाले. रांग तासा-दोन तासांनी एकेक गाडीने पुढे सरकायची, त्यामुळे सलग झोपायचीही सोय नाही. डोळा लागला की मागचा हॉर्न मारायचा. मागे पंजाबचे एक वयस्कर ड्रायव्हर होते. दुसऱ्या रात्री त्यांनी स्टोव्हवर चहा केला आणि माझ्या दारावर थाप मारून ग्लास वर दिला. त्यांच्या हातात मोजे नव्हते, बोटं काळीनिळी पडली होती. आम्ही फार बोललो नाही.

या ४१ तासांचा मला एक रुपया मिळाला नाही. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमचा पगार थोडा, बाकी कमाई फेरीमागच्या भत्त्याची. चाक फिरलं तर पैसा. मग गेटवर गेलेले दोन दिवस भरून काढायचे कुठून? टोल कमी होत नाही, घाट कमी होत नाहीत. ड्रायव्हरच्या हातात कमी करण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे झोप. रात्री रस्त्यावर गाडी आडवी झालेली दिसली की लोक म्हणतात, प्यायला असेल. काही पितात, मी नाकारत नाही. पण मी ज्यांच्याबरोबर जेवलो, चाललो, त्यांच्यात दारूपेक्षा जागरण कितीतरी जास्त पाहिलं.

नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत, असा नियम होता. २०१८ मध्ये ती अट उठली. उस्ताद सांगतात, जीएसटी येण्याआधी, म्हणजे २०१७ पूर्वी, राज्याराज्यांच्या नाक्यांवर गाड्यांच्या रांगा लागायच्या आणि त्या रांगेत क्लीनरला बसवून ड्रायव्हर तास-दोन तास झोपून घ्यायचा. आता विक्रीकराचे नाके गेले, २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलवर पूर्वीसारखं थांबावं लागत नाही. ही सुधारणाच आहे. पण वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या वाट्याला आला नाही, पुढच्या भाड्याला गेला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवून दिलं होतं. मी ज्या ड्रायव्हरना ओळखतो, त्यांच्यापैकी एकानेही असा दिवस पाहिलेला नाही.

अखेर हरियाणातल्या त्या गेटवर नंबर लागला, गाडी खाली झाली. परतीचं भाडं कर्नालहून मिळालं, वाशीच्या धान्य बाजारासाठी तांदूळ. ताडपत्री ओढली, दोर आवळला आणि निघालो.

इंदूर मागे टाकलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. झोप येते म्हणजे जांभया येतात, असं आपल्याला वाटतं. जांभयांची वेळ बरीच आधीची असते. खरी खूण वेगळी. सेंधव्याच्या अलीकडे माझ्या ध्यानात आलं की मागचा टोलनाका मी कधी ओलांडला ते मला आठवतच नाही. नाक्यावर गाडी हळू केली असणार, फाटक उघडलं असणार, गिअर टाकले असणार. त्यातलं काहीही डोक्यात नव्हतं. पहाटेचे साडेतीन झाले होते. तीन ते पाच ही वेळ वाईट, असं सगळे जुने ड्रायव्हर सांगतात. डॉक्टरही तेच सांगतात, त्या वेळी शरीराची जाग सगळ्यात खाली गेलेली असते.

तरी मी थांबलो नाही. थोड्या वेळाने समोरून आलेल्या बसचा लांबलचक हॉर्न ऐकून डोळे उघडले, तेव्हा माझी पुढची चाकं मधल्या पट्ट्याला लागली होती. दोन-तीन सेकंद गेली असतील. ताशी ६० च्या वेगाने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. ते ५० मीटर गाडी कुणीच चालवत नव्हतं.

सेंधव्याला पहिला ढाबा दिसला तिथे गाडी लावली. खाटेवर अंग टाकलं. ढाब्यावर जेवणाऱ्या ड्रायव्हरला खाटेचे पैसे पडत नाहीत, आणि त्या रात्री तर मालकाने जेवणाचंही विचारलं नाही. माझ्याकडे बघून नुसतं ‘सो जाओ’ म्हणाला. पाचला शेठचा, म्हणजे गाडीमालकाचा, फोन वाजला. जीपीएसवर गाडी उभी दिसत होती.

“का थांबलास?”

“शेठ, झोपलोय. सातला निघतो.”

ते काय बोलले ते लिहीत नाही. मी सातलाच निघालो.

पुढे बिजासन घाट. सेंधव्याकडून महाराष्ट्रात येताना हा उतार लागतो आणि खाली पळासनेर. इथे आमचा आणखी एक घातक हिशेब सांगायला हवा. माझ्या शेठने ॲव्हरेज चारचा बांधून दिलाय, लिटरमागे चार किलोमीटर. डिझेल त्याहून जास्त लागलं तर भत्त्यातून कापतात. म्हणून पुष्कळ ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतात. अशी गाडी शेजारून जाते तेव्हा इंजिनाची घरघर नसते, टायरांचा सूंऽऽ आवाज येतो आणि मागोमाग जळक्या ब्रेक-लायनरचा वास. हल्लीच्या इंजिनात यातून डिझेल वाचतही नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं डिझेल बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं जळतच राहतं. शिवाय इंजिनाची अडवणूक गेली की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, ब्रेक पकडेनासे होतात. घाबरून ड्रायव्हर पाय मारत राहतो, ब्रेकच्या टाकीतली हवा उतरते आणि इंजिन संथ फिरत असल्याने ती लवकर भरत नाही. जुलै २०२३ मध्ये पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला, कित्येक माणसं गेली. तिथून जाताना आजही माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो.

उस्ताद म्हणायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतर. मी तिसऱ्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक लावून, ताशी पंचवीसने उतरलो. मागचे हॉर्न मारत होते. खाली आल्यावर ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. गरम होते, पण वास नव्हता. मग टॉमी काढली आणि दहा ठोके मारले.

उस्तादांना साखरेमुळे गाडी सोडावी लागली. शिरपूरहून त्यांना फोन लावून रात्रीचं सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लेका, भाडं बुडू दे, शेठ जाऊ दे. डोळा जड झाला की गाडी बाजूला घे.” आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती जेवलास का विचारते, मी हो म्हणतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. चांगलं झालं, मे महिन्यात इंजिनाच्या धगीत दुपारी झोप लागत नाही. पण माझी गाडी आधीची आहे, आणि गेटवरच्या रांगेवर एसीचा इलाज नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी कारखान्यात, गोदामात, बाजार समितीत माल उतरवून घेणारे असतील. तुमच्याकडे माझं मागणं थोडकं आहे. गाडी गेटवर आली की आल्याची वेळ बिल्टीवर लिहून सही करा, म्हणजे उशीर कुणामुळे झाला ते कागदावर राहील. नंबर यायला सहा तास लागणार असतील तर तसं आधीच सांगा, म्हणजे ड्रायव्हर सहा तास निवांत झोपेल. आणि आतल्या संडासाचं दार त्याला उघडून द्या. तुमच्या गेटवरून निघालेली गाडी पहाटे तीन ते पाच कुठल्या तरी रस्त्यावर असणार आहे, आणि समोरून कदाचित तुमच्याच घरची माणसं येत असतील.