चुंबकाने खार जातो का?

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा भाग, अमरावतीच्या दर्यापूर, भातकुलीपासून अकोल्याच्या अकोट, तेल्हाऱ्याकडे पसरलेला आहे. इथलं जड पाणी तापलं की त्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. पाइपला चुंबक लावून हा थर रोखण्याचं पेटंट बेल्जियममध्ये १९४५ साली घेतलं गेलं. घट्ट चिकटणाऱ्या कॅल्साइटऐवजी सुईसारखे, सुटे अ‍ॅरागोनाइटचे स्फटिक बनतात, असा दावा आहे. प्रयोगांत तसं कधी दिसतं, कधी नाही. क्षार मात्र पाण्यातच राहतात. आणि इथलं खरं दुखणं सोडियमचं. त्यावर चुंबक हा इलाजच नव्हे. विक्रेता ‘टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) उतरतो’ म्हणाला, तर आधीचं आणि नंतरचं पाणी त्याच्यासमोरच मीटरने मोजा.