मुलांची वेळ: रशियातल्या ‘कारुसेल’ वाहिनीचा प्रवास

२७ डिसेंबर २०१० रोजी रशियात ‘कारुसेल’ ही मुलांची वाहिनी सुरू झाली. ‘पेर्वी कनाल’ म्हणजे ‘पहिली वाहिनी’ आणि ‘व्हीजीटीआरके’ या तिथल्या दोन बलाढ्य दूरचित्रवाणी संस्था. प्रेक्षक आणि जाहिराती मिळवण्यासाठी त्या एरवी एकमेकींशी झुंजतात. मुलांसाठी मात्र दोघींनी आपापली छोटी वाहिनी बंद केली आणि एक सामाईक वाहिनी उभी केली. चोवीस तास चालणारी, देशभर पोचणारी आणि प्रेक्षकाला फुकट दिसणारी.

या वाहिनीची कहाणी २०१० पासून सांगायला घेतली, तर ती एका व्यावसायिक विलीनीकरणाची बातमी होऊन बसते. तिचं खरं मूळ जवळपास अर्धं शतक मागे आहे. दिवसाचा थोडा वेळ मुलांच्या नावाने राखून ठेवायचा आणि त्या वेळेत मोठ्यांची कामं घुसू द्यायची नाहीत, या एका निर्णयात ते सापडतं. हा निर्णय रशियात कुणी घेतला, तो कसा मोडला आणि पुन्हा कसा जोडला गेला, हे पाहण्यासारखं आहे.

निजण्याआधीचा वेळ

१ सप्टेंबर १९६४ रोजी सोव्हिएत दूरचित्रवाणीवर ‘स्पकोइनोय नोची, मालिशी’ हा कार्यक्रम सुरू झाला. चिमुकल्यांना शुभ रात्री म्हणणारा, जेमतेम पाव तासाचा. मुलांच्या विभागाच्या संपादक वालेन्तिना फ्योदरवा यांनी पूर्व जर्मनीच्या दौऱ्यात तिथल्या मुलांना झोपवणाऱ्या ‘झांडमेन्शेन’ या बाहुल्याचा कार्यक्रम पाहिला होता. तिथून ही कल्पना मॉस्कोत आली. सुरुवातीला पडद्यावर फक्त स्थिर चित्रं दिसायची आणि मागून गोष्ट वाचली जायची. मग बाहुल्या आल्या. १९६८ मध्ये फिल्या हा कुत्रा आला. सत्तरच्या दशकात स्तेपाश्का हा समजूतदार ससा आणि ख्र्यूशा हे खोडकर डुक्कर आलं. पुढे कार्कूशा ही कावळी आली. कार्यक्रमाची रचना अगदी साधी: बाहुल्यांचं एखादं भांडण किंवा शंका, निवेदकाशी गप्पा, एक छोटं कार्टून आणि शेवटी अंगाईगीत. अर्काडी ओस्त्रोव्स्की यांनी संगीत दिलेली ती अंगाई रशियातल्या तीन पिढ्यांना पाठ आहे.

या कार्यक्रमाच्या निवेदिका वालेन्तिना लेओन्तेवा यांना अख्खा देश ‘वाल्या मावशी’ म्हणून ओळखत होता. त्यांचा जन्म १९२३ चा. लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमार आणि मृत्यू त्यांनी जवळून पाहिले होते. १९८२ मध्ये त्यांना ‘सोव्हिएत संघाची लोककलाकार’ हा किताब मिळाला. दूरचित्रवाणीच्या निवेदिकेला मिळालेला तो एकमेव. मुलांशी बोलताना त्या आवाज लाडिक करत नसत. समोरच्या मुलाला सगळं कळतं, असं गृहीत धरून बोलत. त्यांच्याबद्दलचा जिव्हाळा २००७ मध्ये त्यांच्या निधनानंतरही ओसरला नाही, तो यामुळेच.

हा कार्यक्रम रात्री नऊच्या ‘व्रेम्या’ या बातम्यांच्या आधी लागायचा. पण रशियासारख्या देशात रात्र एकाच वेळी होत नाही. मॉस्कोत संध्याकाळ होते तेव्हा व्लादिवोस्तोकमध्ये मध्यरात्र उलटून गेलेली असते. १९६७ मध्ये उपग्रहांवर चालणारी ‘ओर्बिता’ ही जमिनीवरच्या केंद्रांची साखळी उभी राहिली. पुढे पूर्वेकडच्या प्रदेशांसाठी वेळ बदलून प्रक्षेपण होऊ लागलं. त्यामुळे सैबेरियातल्या मुलालाही ख्र्यूशा त्याच्या झोपेच्या वेळीच भेटू लागला. हा तांत्रिक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या वेळेचा आदर करायचा तर त्यासाठी यंत्रणा उभारावी लागते, आणि यंत्रणेला पैसा लागतो.

रात्रीच्या त्या गोष्टीभोवती हळूहळू एक मोठं घर बांधलं गेलं. १९७४ मध्ये ‘येरालाश’ ही शाळकरी पोरांच्या विनोदी लघुपटांची मालिका आली. १९७५ मध्ये विदूषकांकडून अक्षरं-आकडे शिकवणारी ‘अबेवेगेदेइका’ आली. तिच्या घडणीत चेबुराश्का या लाडक्या बालपात्राचे जनक एदुआर्द उस्पेन्स्की होते. १९७६ मध्ये खुद्द वाल्या मावशींनी परीकथांचे चित्रपट दाखवणारा कार्यक्रम सुरू केला. १९३६ पासून काम करणारा ‘सोयुझमुल्तफिल्म’ स्टुडिओ या सगळ्याला कार्टून पुरवत होता.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मोठ्यांच्या साहित्यावर आणि चित्रपटांवर सेन्सॉरची कडक नजर होती. त्या मानाने मुलांच्या साहित्यात आणि कार्टूनमध्ये मोकळीक अधिक मिळे. अनेक प्रतिभावान लेखक-चित्रकारांनी तिथे आसरा घेतला. पैसा सरकारचा होता आणि नजर थोडी ढिली होती. उत्तम बालकला या दोन्हींच्या फटीतून उगवली. मराठी वाचकाला याचा अनुभव छापील रूपात आहे. मॉस्कोत मराठीत छापलेली आणि लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून नाममात्र किमतीत मिळणारी मुलांची पुस्तकं आपल्याकडच्या एका पिढीने वाचली. त्या पुस्तकांतली अनुपम चित्रं याच परंपरेतून आली होती.

बाजारात सापडलेलं मूल

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला आणि हे घर खिळखिळं झालं. सोयुझमुल्तफिल्मचं काम मंदावलं. स्टुडिओच्या जुन्या कार्टूनचे परदेशी हक्क १९९२ मध्ये एका अमेरिकी कंपनीकडे गेले आणि त्यावरून पुढे अनेक वर्षं कज्जे चालले. वाहिन्यांना आता जाहिरातींवर जगायचं होतं. मुलांच्या खिशात पैसे नसतात. शिवाय मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवर पुढे कायद्याने बंधनं आली. ती बंधनं योग्यच होती. पण मुलांची वेळ चालवण्याचा खर्च कोण करणार, या प्रश्नाचं उत्तर कायद्यात नव्हतं.

तरीही याच दशकात काही माणसांनी जिद्दीने काम केलं. सेर्गेय सुपोन्येव यांचा ‘झ्व्योज्दनी चास’ हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला. दूरदूरच्या गावांतली मुलं आई किंवा वडिलांना सोबत घेऊन त्यात भाग घ्यायची आणि सबंध देश त्यांना पाहायचा. सुपोन्येव यांचाच ‘झोव जुंग्लेय’ हा खेळांचा कार्यक्रम. त्यात मुलांचे दोन संघ असत, शिकारी प्राण्यांचा आणि शाकाहारी प्राण्यांचा. हाताशी फारसं काही नसतानाही मुलांना मान देता येतो, हे सुपोन्येव यांनी दाखवलं. डिसेंबर २००१ मध्ये अपघातात त्यांचा अकाली मृत्यू झाला.

अमेरिकेची ‘सेसमी स्ट्रीट’ ही मालिका १९९६ मध्ये रशियन रूपात आली. तिच्यासाठी झेलिबोबा हे केसाळ, झाडात राहणारं नवं पात्र तिथल्या लोककथांच्या वळणावर घडवलं गेलं. या मालिकेची तयारी चालू असतानाच, १ मार्च १९९५ रोजी, राष्ट्रीय वाहिनीचे प्रमुख व्लादिस्लाव लिस्त्येव यांचा गोळ्या घालून खून झाला. बाहुल्यांचा कार्यक्रम कोणत्या वातावरणात उभा राहत होता, ते यावरून कळतं.

२००१ मध्ये खुद्द ‘स्पकोइनोय नोची’ला पहिल्या वाहिनीवरून निघावं लागलं. आधी ‘कुल्तूरा’ आणि मग २००२ मध्ये ‘रोसिया’ वाहिनीने त्याला जागा दिली. देश बदलला, निवेदक बदलले, वाहिन्या बदलल्या, तरी कार्यक्रम टिकला. प्रेक्षक पालक झाले होते. त्यांना तो आपल्या मुलांसाठी हवा होता.

बिबिगोन आणि तेलेन्यान्या

१ सप्टेंबर २००७ रोजी व्हीजीटीआरकेने ‘बिबिगोन’ ही मुलांची वाहिनी सुरू केली. बिबिगोन हे कोर्नेय चुकोव्स्की यांचं पात्र. चंद्रावरून पडलेला हा चिमुकला वीर लेखकाच्या पेरेदेल्किनोतल्या घरी राहतो आणि एका दुष्ट टर्कीशी लढतो. १९४५–४६ मध्ये ‘मुर्झील्का’ मासिकात त्याची गोष्ट क्रमशः येत होती. पक्षाच्या वृत्तपत्राने त्यावर हल्ला चढवला आणि ती मध्येच थांबवली गेली. साठ वर्षांनी त्याच पात्राचं नाव सरकारी वाहिनीने धारण केलं.

त्याच वर्षी आणखी एक महत्त्वाची घटना घडली. अब्जाधीश अलिशेर उस्मानव यांनी परदेशी गेलेला सोयुझमुल्तफिल्मचा संग्रह विकत घेतला आणि बिबिगोनला भेट दिला. पाचशेहून अधिक चित्रपट मायदेशी परतले. नवी वाहिनी त्यामुळे रिकाम्या हाताने उभी राहिली नाही. पहिल्या वाहिनीच्या समूहाचीही ‘तेलेन्यान्या’ नावाची मुलांची वाहिनी होती. दोन्हींचा आवाका मर्यादित होता. उपग्रह किंवा केबल नसलेल्या घरांना त्या पूर्णवेळ दिसत नसत.

वळण आलं २००९ मध्ये. देशातल्या प्रत्येक घरी विनामूल्य पोचायलाच हव्यात अशा वाहिन्यांची यादी राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने ठरली आणि तीत मुलांच्या व किशोरांच्या वाहिनीला जागा ठेवली गेली. ही जागा भरण्यासाठी बिबिगोन आणि तेलेन्यान्या एकत्र आल्या आणि कारुसेल जन्मली.

कारुसेलचा दिवस

दहा वाहिन्यांच्या पहिल्या डिजिटल संचात कारुसेल आहे. बातम्या, क्रीडा, संस्कृती यांच्या बरोबरीने मुलांची वाहिनी, आणि तीही प्रत्येकासाठी. ऑक्टोबर २०१९ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं. तोवर खेड्यातल्या साध्या अँटेनावरही ती दिसू लागली होती.

तिचा दिवस मुलाच्या दिवसासारखा आखलेला असतो. सकाळी ‘प्रिग-स्कोक कमांदा’च्या तालावर व्यायाम. दिवसा चित्रकला, अक्षरओळख, इंग्रजीची तोंडओळख, प्राण्यांची माहिती. संध्याकाळी ख्र्यूशा आणि स्तेपाश्का. यांच्या मधल्या वेळेत कार्टून. मोठी अडचण याच कार्टूनची होती. नव्वदच्या दशकात निर्मिती आटल्यामुळे दाखवायला एकतर जुनं सोव्हिएत काम होतं, नाहीतर परदेशी. ही पोकळी नव्या स्टुडिओंनी भरली. २००४ च्या सुमारास पीटर्सबर्गहून चेंडूसारख्या गोल प्राण्यांचे ‘स्मेशारिकी’ आले. २००६ मध्ये ‘मेल्नित्सा’ स्टुडिओचा लुन्तिक आला. तोही बिबिगोनसारखा चंद्रावरून पडलेला. २००९ मध्ये ‘माशा आणि अस्वल’ आणि २०१० मध्ये यंत्रांच्या पोटात राहणारे ‘फिक्सिकी’ आले. फिक्सिकी मुळात उस्पेन्स्की यांच्या सत्तरच्या दशकातल्या पुस्तकातले. नवं पीक जुन्याच मातीतून आलं, हे यातून दिसतं. माशाने तर भाषांच्या सीमा ओलांडल्या. तिच्या लापशीच्या फजितीचा भाग यूट्यूबवर ४०० कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला. हिंदी बोलणारी माशा आपल्याकडच्या घरांतही पोचली आहे.

राखणदार कोण?

सप्टेंबर २०१२ पासून रशियात मुलांना अपायकारक माहितीपासून वाचवणारा कायदा लागू झाला. कार्यक्रमांवर ०+, ६+, १२+ अशा वयाच्या खुणा आल्या. लगेच वाद पेटला तो १९६९ पासून गाजणाऱ्या ‘नू, पगदी’मधल्या लांडग्याच्या सिगारेटवरून. जी कार्टून पाहत आजचे आजी-आजोबा वाढले, ती मुलांना दाखवायची की नाही? लोक खवळले, आणि ते बरोबरच होतं. मुलांना जपणं वेगळं आणि त्यांच्या जगातून प्रत्येक खोडकर लांडगा हाकलणं वेगळं.

त्याहून गंभीर प्रश्न मालकीचा आहे. कारुसेलच्या मागे असलेल्या दोन्ही संस्था सरकारच्या हातातल्या आहेत. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मोठ्यांच्या वाहिन्यांवर त्यांनी काय दाखवलं, ते जगाने पाहिलं. रशियातली डिस्नेची वाहिनी १४ डिसेंबर २०२२ रोजी बंद झाली आणि तिच्या जागी ‘सोन्त्से’ ही देशी वाहिनी आली. मुलांसमोरचे पर्याय कमी होतात, तेव्हा उरलेल्या पर्यायांची जबाबदारी वाढते.

म्हणून या इतिहासातून मी दोन गोष्टी घेतो आणि दोन्ही एकत्रच घेतो. पहिली ही, की बाजार मुलांची वेळ राखत नाही. नव्वदच्या दशकाने ते सिद्ध केलं. प्रत्येक घरी फुकट पोचणारी मुलांची वाहिनी सार्वजनिक पैशानेच उभी राहू शकते आणि ती उभी करणं हे कोणत्याही देशाचं कर्तव्य आहे. या बाबतीत रशियाने जे केलं ते अनेक श्रीमंत देशांना जमलेलं नाही. दुसरी ही, की पैसा देणाऱ्याने त्या वेळेवर मालकी सांगायची नाही. बिबिगोनची गोष्ट १९४६ मध्ये थांबली ती पैशाअभावी नव्हे, कुणाच्या तरी करड्या नजरेमुळे. आणि ख्र्यूशा या सगळ्या प्रवासात टिकला, कारण त्याला कुणाची बाजू मांडावी लागली नाही. त्याने फक्त चुका केल्या, रुसला, समजून घेतलं आणि मुलांबरोबर झोपायला गेला. कारुसेलचं मोल उद्या याच कसोटीवर ठरेल: मोठ्यांच्या युद्धांच्या काळातही ती मुलांची वेळ मुलांकडेच ठेवते का.