ताप उतरला, शीण का उरला?

विषाणूचा ताप आठ दिवसांत उतरतो. परंतु काही रोग्यांच्या अंगात त्याने आणलेला शीण महिनोन् महिने मुक्काम करून राहतो. चार पायऱ्या चढताच धाप लागते, रात्रभर झोपूनही अंग जड राहते, वाचलेले ध्यानात राहत नाही. तपासणीत काही सापडले नाही की 'हे मनाचे खेळ' असा शेरा बसतो. हा शेरा कितपत न्याय्य आहे, ते आपण पाहू.

ऑस्ट्रेलियातील डबो येथे 253 रोग्यांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. मूळ जंतू तीन निरनिराळे होते. तरी सहा महिन्यांनंतर सुमारे 12 टक्के लोक खंगलेलेच होते. कोणाचे दुखणे रेंगाळेल, हे मानसिक घडणीवरून नव्हे, तर मूळ आजाराच्या तीव्रतेवरून ठरत होते.

मग एक भाऊ बरा होतो आणि दुसरा का नाही? याचे उत्तर थोडेसे आनुवंशिकतेत आहे. कोविडनंतरच्या दीर्घ आजाराविषयी 16 देशांतील माहिती एकत्र करून 2025 साली असे दिसले की, फॉक्सपी-4 या जनुकाजवळील एका भेदाने धोका सुमारे दीडपट होतो. पण दीडपट धोका म्हणजे कपाळीची रेघ नव्हे. हा भेद असलेलेही बहुतेक लोक बरे होतातच.

दुसरा धागा आहाराचा. जंतूला लोह मिळू नये म्हणून शरीर रक्तातील लोह कोठारात कुलूपबंद करते. हे कुलूप वेळेवर उघडले नाही, तर कोठार भरलेले असूनही रक्त उपाशी राहते. ही विस्कटलेली व्यवस्था व रेंगाळणारी लक्षणे यांचा संबंध केंब्रिजच्या संशोधकांनी 2024 साली दाखविला. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या पुरतीलच असे नाही. शिवाय आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी मंडळींत, बी-12 जीवनसत्त्वाची उणीव फार आढळते. तिनेही शीण, मुंग्या व विसराळूपणा येतो; तेव्हा आजाराच्या नावाखाली ती झाकली जाऊ नये.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, बाजारातील टॉनिकाच्या बाटल्या घेण्याआधी डॉक्टरांकडून रक्तातील लोह, बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्यावे. जनुके बदलता येत नाहीत, पण उणीव भरून काढता येते. आणि घरच्यांनी रोग्याला आळशी म्हणणे सोडावे. त्याला तर तपासणीचीही वाट पाहावी लागत नाही.