परदेशात शिकणारे चिनी विद्यार्थी आणि आंतरसांस्कृतिक संवेदनशीलता

प्रस्तावना :
परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला की विद्यार्थी तेथील संस्कृतीशी आपोआप एकरूप होतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात सहवास आणि समज या दोन भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत लेखात चिनी विद्यार्थ्यांच्या संदर्भात या भेदाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
युंग विंग हे १८५४ मध्ये येल येथून पदवी घेणारे पहिले चिनी विद्यार्थी होत. त्यांच्याच प्रयत्नांतून १८७२ ते १८७५ या काळात १२० चिनी मुले अमेरिकेत पाठविण्यात आली व न्यू इंग्लंडमधील कुटुंबांत राहिली. मुले बेसबॉल खेळू लागली, काही चर्चमध्ये जाऊ लागली. ती आपली संस्कृती विसरत आहेत, या भीतीसह अन्य राजकीय कारणांमुळे १८८१ मध्ये ही योजना गुंडाळण्यात आली. परंतु याच मुलांपैकी झान तियान्यू यांनी पुढे स्वदेशात बीजिंग-झांगजियाकोऊ हा लोहमार्ग उभारला व तो १९०९ मध्ये पूर्ण झाला. परसंस्कृती समजून घेणे म्हणजे स्वसंस्कृती सोडणे नव्हे, हे यावरून दिसते.

संकल्पना :
मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये आंतरसांस्कृतिक संवेदनशीलतेच्या सहा अवस्था मांडल्या. नकार, बचाव व भेदांचे न्यूनीकरण या पहिल्या तीन अवस्था स्वसंस्कृतीकेंद्री आहेत. स्वीकार, अनुकूलन व समाकलन या पुढील तीन संस्कृतीसापेक्ष आहेत. यांतील तिसरी अवस्था फसवी असते. 'माणसे सगळीकडे सारखीच' ही भूमिका उदार वाटते; पण तीत आपलेच मापदंड सार्वत्रिक मानले जातात. ग्वो-मिंग चेन व विल्यम स्टारोस्टा यांनी २००० मध्ये २४ विधानांची मापनश्रेणी तयार केली. संवादातील सहभाग, सांस्कृतिक भेदांविषयी आदर, आत्मविश्वास, आनंद आणि अवधान हे तिचे पाच घटक होत.

वर्गातील मौन :
या घटकांची कसोटी वर्गात लागते. चिनी समाजात 'म्यान्झी' म्हणजे चारचौघांतील प्रतिष्ठा महत्त्वाची मानली जाते. चुकीचे बोलून स्वतःची, किंवा उघड प्रश्न विचारून शिक्षकाची, प्रतिष्ठा कमी होऊ नये म्हणून विद्यार्थी गप्प राहू शकतो. चर्चेतील सहभागाला गुण देणारा प्राध्यापक मात्र त्या मौनाचा अर्थ अनास्था असा लावतो. याउलट, विद्यार्थ्याला सहाध्यायांचे थेट मतभेद उद्धटपणाचे वाटतात. येथे भेदांविषयी आदर असूनही आत्मविश्वास कमी असू शकतो. म्हणून दोन्ही घटक वेगळे तपासणे आवश्यक ठरते. सर्वच चिनी विद्यार्थी अबोल असतात, असे मानणे हेही असंवेदनशीलतेचेच लक्षण होय. भाषेची अडचण किंवा विषयाची अपुरी तयारी हीदेखील मौनाची कारणे असू शकतात.

निष्कर्ष :
अमेरिकेतील चिनी विद्यार्थ्यांची संख्या २०१९-२० मध्ये ३,७२,५३२ होती. २०२३-२४ मध्ये ती २,७७,३९८ झाली आणि ३,३१,६०२ विद्यार्थ्यांसह भारत प्रथम स्थानी आला. त्यामुळे हा प्रश्न भारतीय प्राध्यापकांनाही परका राहिलेला नाही. मोठ्या संख्येमुळे स्वदेशीयांचाच गट सहज मिळतो व बाहेरचा संवाद खुंटू शकतो. मिश्र गटांत नेमून दिलेले काम, बोलण्यापूर्वी लिहून विचार मांडण्याची मुभा आणि मूल्यमापनाच्या अपेक्षांचे स्पष्ट निवेदन हे उपाय साधे आहेत. तथापि, संवेदनशीलतेची अपेक्षा केवळ पाहुण्याकडून करणे न्याय्य नाही. मौनाचा अर्थ लावण्यापूर्वी त्याचे कारण विचारणे, ही यजमान संस्थेचीही जबाबदारी आहे.