एका डोळ्यात न मावणारं शहर

छातीचा एक्स-रे पाहताना पुढच्या आणि मागच्या बरगड्या एकाच करड्या पटावर एकमेकींवर चढलेल्या दिसतात. डाग छातीकडे आहे की पाठीकडे, हे एका फिल्मवरून ठामपणे सांगणं अवघड. मग बाजूने दुसरी काढायची. चित्रकार सुधीर पटवर्धनांच्या चित्रांतली जागा मला उलगडली ती याच वाटेनं.

पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले, तिथल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली डॉक्टर झाले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून राबले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. १९८१च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या गाजलेल्या प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, नलिनी मलानी यांच्यासोबत त्यांची चित्रं होती. सुरुवातीच्या चित्रांत कष्टकरी माणसाचा देह मोठा, जवळ आलेला. पुढे त्या देहाभोवतीचं शहर वाढत गेलं: पूल, जिने, नाले, अर्धवट इमारती.

सपाट पृष्ठावर खोलीचा भास उभा करण्याचं शास्त्र युरोपात पंधराव्या शतकात पक्कं झालं. इटलीच्या आल्बेर्तीनं १४३५ साली त्याचे नियम लिहिले. त्यात पाहणारा एका जागी स्थिर, त्याचा एकच डोळा, आणि समांतर रेषा दूर एका बिंदूत मिळणाऱ्या. पटवर्धनांना हा भास हवा असतो, पण त्या एका डोळ्याची मालकी नको असते. रस्ता वरून दिसतो, शेजारची इमारत समोरून, पुलावरचा माणूस जवळून. प्रत्येक तुकडा खरा वाटतो, पण सगळे तुकडे एकाच जागेवरून दिसणं शक्य नाही. क्ष-किरणतज्ज्ञाची दुसरी फिल्म चित्रात शिरली की काय, असं मला वाटत राहतं.

‘लोअर परळ’ हे २००१चं चित्र घ्या. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईतलं गिरणगाव मोडत गेलं आणि गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर चढू लागले. तिथे गिरणीची चिमणी आणि काचेची इमारत एकाच नजरेत येतात खऱ्या, पण त्यांचा काळ एक नाही. एकाच बिंदूकडे धावणाऱ्या रेषांनी हे सगळं एका सुसंगत देखाव्यात बसवून टाकलं असतं. पटवर्धन ते बसू देत नाहीत. माझ्या मते ही त्यांची राजकीय भूमिकाच आहे, आणि ती घोषणेवाचून, नुसत्या रचनेतून उभी राहते.

२०१४च्या ‘मुंबई प्रॉव्हर्ब्ज’मध्ये सात पॅनेलवर मुंबईचा प्रवास येतो. आवाका थक्क करणारा आहे, पण तिथे एकेका माणसाचं वजन थोडं उणावतं. मला मध्यम आकाराची ठाण्याची चित्रं अधिक जवळची वाटतात.

२०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानिया यांनी पटवर्धनांच्या कामाचं सिंहावलोकन मांडलं. छापील पानावर यातलं कुठलंही चित्र वीतभर होतं आणि सगळे कोन एका नजरेत येऊन गप्प होतात. मूळ कॅनव्हाससमोर मात्र उजवीकडून डावीकडे चालावं लागतं, मागे सरावं लागतं, पुन्हा जवळ जावं लागतं. म्हणून मुंबईबाहेरही, वर्ध्यात, यवतमाळात, चंद्रपुरात असा कॅनव्हास टांगता येईल एवढी भिंत आणि नीट प्रकाश असलेलं एक तरी सार्वजनिक दालन हवं. नाट्यगृहं आपण मागून मिळवली. चित्रासाठी मागणी करायला अजून सुरुवात व्हायची आहे.